बोळ्याची पाळणूक

माझ्या छातीत एक भाडेकरू राहतो. भाडं देत नाही, जागा सोडत नाही, आणि वर घर हिरवं करून ठेवतो. लहानपणी मला गोवर आला आणि तो फुप्फुसात उतरला. श्वासनळ्या जागोजागी सैल पडल्या आणि त्यांच्या खोबणीत हा येऊन बसला. नाव सुडोमोनास, जातीनं जिवाणू. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले ते ह्याच्यापायीच. आयुष्यभर ज्याच्याशी भांडायचं, त्याची कुंडली माहीत असलेली बरी.

ह्याचं सगळं बळ एका पंपात आहे. जिवाणूच्या कातडीत असे बारीक पंप ठिकठिकाणी बसवलेले असतात. आपण औषध घेतो, ते जिवाणूच्या आत शिरतं, आणि कामाला लागायच्या आत पंप त्याला उपसून बाहेर टाकतो. औषध चांगलं, डॉक्टर चांगला, तरी पेशंट जातो. माझ्या पंचविशीत अशी वेळ आली होती, की जगातली बहुतेक प्रतिजैविकं ह्या पंपापुढं हात टेकून बसली होती.

मग कुडा सापडला. सापडला म्हणजे काय, तो होताच. आमच्या चंदगडच्या डोंगरात पांढऱ्या फुलांचा कुडा पायलीला पन्नास. हगवण लागली की त्याची साल उगाळून देतात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. त्या सालीत एक कडूजहर द्रव्य आहे. ते जिवाणूला मारत नाही, पंपाच्या तोंडात जाऊन अडकतं, एवढंच. पण पंप अडकला की औषध आतच राहतं, आणि टाकून दिलेलं जुनंपानं प्रतिजैविक पुन्हा काम करायला लागतं. ते द्रव्य वेगळं करणाऱ्या चौघांत मी एक होते. त्याचं रासायनिक नाव लांबलचक आहे. गावात समजावून सांगताना मी म्हणाले, "मोरीच्या भोकात बोळा कोंबतो न्हवं आपण, तसं." त्या दिवसापासून गाव त्याला बोळा म्हणायला लागलं, मग तालुका, आणि पुढं डॉक्टरसुद्धा.

बोळा आणि प्रतिजैविक यांची वाफ सकाळ-संध्याकाळ एका नळीतून ओढायची, असा माझा उपचार सुरू झाला. थोड्याच दिवसांत मी आमच्या धामणगे गावाची चढण न थांबता चढले आणि वर पोचून मोनाप्पाला फोन लावला. मोनाप्पा म्हणजे माझा नवरा. आजोबांचं नाव ठेवलंय, म्हणून एवढं जुनं. माणूस काजूच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळतो. मी धाप न लागता सलग बोलले, तर पलीकडून हुंदक्याचा आवाज. मी त्याला चिडवलं, पण मलाही रडू आलं होतं.

पुढची काही वर्षं आमची सगळ्यांचीच चैन होती. जळालेली माणसं बरी होऊन घरी जायला लागली, बाळंतिणी वाचल्या. आणि मग बाजाराला वास लागला. ज्या झाडानं मेलेली औषधं उठवली ते रोज पोटात गेलं तर काय हरकत आहे, असा साधा हिशेब. कुड्याचा चहा निघाला, साबण निघाला, दंतमंजन, पोरांची गोळी-चॉकलेटं आणि पोल्ट्रीचं खाद्यसुद्धा. दोन हजार बेचाळीस साल उजाडेपर्यंत आमच्या गावात बोळा नसलेली वस्तू शोधावी लागत होती. कारण चहाचा मोठा गट आमच्याच गावात होता, आणि तो चालवत होती माझी थोरली जाऊ मालन.

मालनअक्काचा नवरा लष्करात. तिनं एकटीनं सगळ्या बायका गोळा केल्या, साल वाळवायला शेड बांधली, कोल्हापूर-बेळगावपर्यंत डबे पोचवले. तिचं मला फार कौतुक होतं. ते मी तिला कधी सांगितलं नाही, कारण आमचं एकमेकींशी बोलणं म्हणजे भांडणच असायचं.

बिघाड मला काचेच्या ताटलीत दिसला. ताटलीत जिवाणूंची साय वाढवतात आणि मधोमध औषधाची कागदी टिकली ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं, तेवढ्या भागात जिवाणू वाढत नाहीत. मी गावच्या ओढ्याचं पाणी आणि माझी थुंकी अशा दोन ताटल्या लावल्या होत्या, औषध आणि बोळा दोन्ही घातलेली टिकली ठेवून. ओढ्याच्या ताटलीत कडं नव्हतंच. माझ्या ताटलीत नखाएवढं उरलं होतं.

झालं होतं ते असं. पुरं औषध आणि पुरा बोळा एकदम दिला तर जिवाणू मरतो, शिकायला उरत नाही. पण चहातून, साबणातून, शेडच्या सांडपाण्यातून थोडा थोडा बोळा रोज मिळाला, तर लाखांतल्या एखाद्या जिवाणूच्या पंपाचं तोंड जरा वेगळ्या मापाचं निघतं आणि त्यात बोळा बसत नाही. तो एक तगतो, त्याचीच पिलावळ वाढते. आमच्या ओढ्यात तीच भरली होती. त्याच ओढ्याचं पाणी आम्ही पीत होतो.

मी आरडाओरडा केला. बंदीचा हुकूम निघाला, चावडीवर चिकटवला गेला, आणि लोक त्याच्याच शेजारी बसून कुड्याचा चहा प्यायले. औषधांची यादी ठरवणाऱ्या समितीपुढं मी पडद्यावरून बोलले. तिथल्या एका सभ्य गृहस्थांनी मला शांतपणे सांगितलं, "बाई, बंदी पाळली जात नाही. आणि पाळली तरी जिवाणू पूर्ववत होतील याला पुरावा काय? एक तरी गाव दाखवा. नाहीतर बोळा यादीतून काढावा लागेल. संपलेल्या औषधाला आम्ही किती दिवस पोसायचं?"

पुरावा माझ्याकडं होता, पण फ्लास्कमधला. वेगळ्या मापाचा पंप जिवाणूला महाग पडतो. तो जास्त ऊर्जा खातो आणि त्याचा धनी हळू वाढतो. बोळा आजूबाजूला असेल तोवरच त्याची चलती. बोळा पूर्ण थांबवला की साध्या पंपाचे जिवाणू भराभर वाढून त्याला मागं टाकतात, आणि साधा पंप बोळ्यानं बंद होतो. म्हणजे औषधाला विसावा द्यायचा. फ्लास्कमध्ये हे सहज घडतं. पण फ्लास्कला जावई येत नाहीत आणि फ्लास्क बाजारालाही जात नाही.

तेव्हा मला पाळणूक आठवली. आमच्याकडं आषाढात देवीचे वार पाळतात. त्या वारी औत जुंपायचं नाही, खुरपं उचलायचं नाही, दळण-कांडण नाही. पोलीस नाही, नोटीस नाही, तरी शिवारात चिटपाखरू दिसत नाही. माझा देवीवर विश्वास नाही. देवीनं कधी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. मी पदर खोचला आणि देवळात जाऊन गावकी बसलेली असताना सरळ मागणी केली, "गावानं कुड्याची पाळणूक धरावी. ह्या आषाढापासनं पुढच्या आषाढापर्यंत. साल तोडायची न्हाई, उकळायची न्हाई, अंगाला लावायची न्हाई."

एकच गलका उठला. साबणाचं दुकान असलेला शिवा गावडे उठून म्हणाला, "आमच्या डोंगरातलं झाड, आमच्या आज्या-पणज्याचं, आन् ही आम्हाला सांगणार हात लावू नका म्हणून?"

"आज्या-पणज्यानं हगवण लागल्यावर घेतलं रे," मी म्हणाले. "त्यानं अंगाला चोळून आंघोळ केली न्हाई."

मालनअक्का बायकांच्या बाजूनं उठली. "हिला काय जातंय? आमचा चहा बंद, आमची शेड बंद. हिचा बोळा मातूर सरकारी नळीतनं येतोय. ती वाफ चालूच ऱ्हाणार. व्हय की न्हाई, विचारा तिला."

गावकीचा म्होरक्या गुंडूमामा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पाळणूक कुणीबी मागू शकतो. पर रीत ऐक, सूनबाई. मागणारा पयला पाळतो. आन् एका घरात जरी मोडली, तर समद्या गावानं परत पयल्यापासनं धरायची. तू पाळणार काय?"

डॉक्टरांनी दिलेला पुरा डोस वेगळा आणि चहातला बोळा वेगळा, हे मी तिथं समजावून सांगू शकले असते. ते अर्धं खरंही होतं. पण माझ्या ताटलीतलं कडं मीच पाहिलं होतं. वेगळ्या मापाचा पंप माझ्याही छातीत तयार झाला होता, आणि मी दिवसभर खोकत गावभर हिंडत होते. शेड बंद करून काय होणार होतं? गावातला सगळ्यात मोठा कारखाना माझ्या बरगड्यांच्या आत चालू होता. तो बंद केल्याशिवाय मी गोळा केलेल्या पुराव्याला काडीची किंमत नव्हती. आणि तो बंद करायचा म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. बोळ्याआधीचे दिवस मी विसरले नव्हते.

"पाळतो," मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात.

मी वाकून देवळाच्या पायरीला हात लावला. आता माघार नव्हती. मग मालनअक्काही पुढं झाली. मनात नसताना का होईना, पण हात लावला तो पुरता तळवा टेकून.

घराच्या दाराशी पोचल्यावर मोनाप्पा म्हणाला, "मला इचारलंस?"

"न्हाई."

"का?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"मग?"

"मग मला मोडता आलं नसतं तुमचं मन," मी म्हणाले. तो आत गेला आणि वाफेचं यंत्र पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लागला. मी त्याला थांबवलं. प्रतिजैविकाची वाफ चालणार होती, बंद होता तो फक्त बोळा. एकट्या प्रतिजैविकाचा मला फारसा उपयोग नव्हता, पण ते सोडायला मी काही संत नव्हे.

गावानं पाळलं. कसं पाळलं ते बघायला समितीनं यायला हवं होतं. साबणाच्या वड्या, चहाचे डबे, मंजनं, शेडमधली साल, सगळं देवळाच्या आवारात येऊन पडलं आणि तिथंच जाळलं गेलं. एसटीतून उतरणाऱ्याची पिशवी बायका थांब्यावरच बघायच्या. एका घरचा जावई कुड्याचं मंजन घेऊन आला, तर सासूनं ते वेशीबाहेर बाभळीला टांगायला लावलं आणि पाहुण्याला चार दिवस राखुंडीनं दात घासायला दिले. एक कंपनी फुकट साबण वाटायला गाडी घेऊन आली. तिच्यापुढं मालनअक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाळणूक हाय. गाडी फिरवा. न्हाईतर टायर आम्ही फिरवतो." गाडी फिरली. चहाचा गट तिनं काजू सोलायच्या कामाला लावला होता, आणि येता-जाता मला त्यावरून शिव्या घालत होती.

मी मात्र झिजत चालले. दिवाळीपर्यंत मी चढण विसरले, संक्रांतीपर्यंत अंगण विसरले. थुंकी हिरवी व्हायची आणि तिला तो ओळखीचा गोडूस वास यायचा. तोंडाची चव गेली. भाकरी आणि पुठ्ठा यांत फरक कळेना. नाकाला प्राणवायूची नळी लागली. मोनाप्पा कारखान्यातून दिवसातून तीनदा घरी येऊन मला बघून जायचा आणि काहीतरी विसरलं होतं असं म्हणायचा. रोज इतकं विसरणारा माणूस यंत्रं कशी सांभाळतो, असं मी त्याला विचारायची. तो हसायचा नाही.

ओढ्याची ताटली मात्र मी दर महिन्याला लावत होते. पहिले काही महिने काही नाही. मग एकदा टिकलीभोवती नुसती फिकट रेघ दिसली. मी ती ताटली उजेडासमोर धरून इतकी हसले, की खोकल्याच्या ढासेनं खाटेवरून खाली आले.

फाल्गुनात मला बरं वाटायला लागलं. आधी ताप उतरला. मग थुंकी पांढरी झाली. नळी काढून मी अंगणात बसायला लागले. मोनाप्पा चेहऱ्यावर काही न दाखवता खूश होता. शास्त्र शिकलेल्या माणसाला सुख लवकर पचत नाही. माझ्या आत काहीतरी कुरकुरत होतं, कारण बरं वाटायला काही कारणच नव्हतं. आणि एका दुपारी मला चव परत आली.

मोनाप्पानं कुळथाचं कढण करून आणलं होतं. हल्ली तो रोज करायचा. पहिल्या घोटाला मला मीठ लागलं आणि मी हरखले. मग लसूण लागली. मग गूळ. कढणात गूळ कोण घालतं? आणि मग, गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी ती चव वर आली. पंधरा वर्षं जी साल मी वाटली, गाळली, उकळली, तिची ती चव मला मरतानाही ओळखू आली असती.

मी वाटी खाली ठेवली. "कधीपासनं?"

तो भिंतीकडं बघत उभा राहिला. "माघापासनं."

"तुम्ही गावाची पाळणूक मोडलीत."

"मोडली. शंभर वेळा मोडीन," तो ओरडला. ह्या माणसाला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तू मेलीस तर मी ती ताटली घेऊन काय करू? तिच्यातलं कडं बघत बसू? तुझं शास्त्र तुला. मला बायको पायजे."

मला त्याची कीव आली, राग आला, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. ह्यांतलं मी फक्त रागावणं केलं. "साल कुठनं आणली? गावातली सगळी जळाली."

उत्तर दारातून आलं. मालनअक्का काजूच्या राठ हातांनी चौकट धरून उभी होती. "माझ्याकडची. एक पोतं ठेवलं होतं लपवून."

"अक्का, तू? तू तर गाडी अडवलीस!"

"गाडी अडवली, आन् तुला सालबी दिली. दोन्ही मीच." ती आत येऊन माझ्या खाटेवर बसली. "मी रोज येऊन तुझ्या खोकल्याचा आवाज ऐकत होतो भिंतीपलीकडनं. एक दिवस आवाज बारीक झाला. भांडायला तू पायजेस की गं मला. तुझ्यामाघारी मी कुणाला शिव्या घालू?"

मी तिचा हात धरला. ती सोडवून घेत म्हणाली, "आता सांगू नगंस कुणाला. पोतं मी जाळतो. चारच महिनं ऱ्हायलेत."

सांगितलं नसतं तर काय झालं असतं? आषाढ आला असता, पाळणूक संपली असती, ओढ्याची ताटली कदाचित चांगलीच निघाली असती. आणि माझ्या छातीतला कारखाना तसाच चालू राहिला असता, खोट्या पुराव्याच्या आडोशाला. समितीला फसवता येतं, गावाला फसवता येतं. पण सगळ्या राज्यानं त्या पुराव्यावर विसंबून पुढं पाऊल टाकलं असतं, आणि पाच-सात वर्षांनी कुठल्या तरी दवाखान्यात एखाद्या भाजलेल्या पोरीच्या अंगावर तो पंप पुन्हा उभा राहिला असता. मी मोनाप्पाला म्हणाले, "मला देवळात न्या."

गावकी बसली. मी ओट्यावर टेकले आणि उभं न राहताच सांगितलं, "पाळणूक मोडली. माझ्या घरात मोडली."

मोनाप्पा उठला. "तिनं न्हाई. मी मोडली. तिला ठाऊक नव्हतं."

"आन् साल माझी," मालनअक्का म्हणाली.

शिवा गावडे ताडकन उठला. "घ्या! आम्ही दुकानं बंद करून बसलोय आन् हिच्याच घरात कढणं शिजत्यात! आता परत पयल्यापासनं? एवढं महिनं पाण्यात? सोडा की राव सगळं. औषध जाईल तर जाईल."

बऱ्याच माना हलल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हणाले असते. पण मी त्यांच्या जागी नव्हते.

"जाऊ दे म्हणतोस?" मी म्हणाले. धाप लागत होती, पण आवाज निघाला. "शिवा, तुझ्या लेकीचं बाळंतपण कशानं तरलं, आठवतंय? पुढच्या लेकीचं कशानं तारशील? साबणानं? ह्या जिवाणूला हातपाय न्हाईत, डोकं न्हाई, तरी त्यो न कंटाळता रोज शिकतोय. आन् आपण, दोन हातांची माणसं, एका वर्साला कंटाळलो. मी कंटाळणार न्हाई. परत पयल्यापासनं. गाव येवो न येवो, पुढल्या वर्साच्या आषाढापर्यंत मी धरतो."

"आन् मेलीस म्हंजे?" गुंडूमामानं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती.

"मेलो तर जाळा, आन् पाळणूक चालू ठेवा. तेवढाच एक कारखाना कमी होईल."

मी पायरीकडं निघाले. चार पावलांचं अंतर, पण मला मध्ये दोनदा थांबावं लागलं. मी वाकेपर्यंत पायरीवर एक हात येऊन टेकला होता. बघते तर शिवाचा. मान वर न करता तो पुटपुटला, "लई बोलतीस तू." त्याच्या शेजारी मालनअक्काचा हात टेकला, मग मोनाप्पाचा, मग मला जागाच उरली नाही. मी शिवाच्या हातावरच हात ठेवला.

दुसऱ्या वर्षाचं फार सांगत नाही. कढण मी स्वतः करून पीत होते, करता आलं तोवर. पावसाळा सरता सरता डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग सडला आणि मला गडहिंग्लजला दवाखान्यात हलवलं. तिथले डॉक्टर शिकलगार माझ्या प्रयोगशाळेत शिकलेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि खिशातून बोळ्याची कुपी काढली.

"मॅडम, फक्त आठवड्याचा कोर्स. मी नोंद करणार नाही. तुमच्या गावाला कळणार नाही."

"गावाला नाही कळणार," मी म्हणाले. "त्याला कळेल."

"कुणाला?"

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. शिकलगारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना म्हणाले, "रडू नका. कापा. जो भाग माझा राहिला नाही तो काढून टाका. पण आत बोळा जाणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग काढला. मोनाप्पानं कागदावर एका दमात सही केली, असं मला मालनअक्कानं नंतर सांगितलं. साक्षीदार म्हणून तिची सही मात्र दोनदा खोडावी लागली म्हणे.

मी जगले. का जगले ते मला नीट सांगता येणार नाही. चिडले होते, एवढं खरं.

मुदत भरली त्या आषाढात दोन ताटल्या लावल्या, ओढ्याची आणि माझी. त्या उघडल्या देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. ओढ्याच्या ताटलीत टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. माझी ताटली मालनअक्कानं माझ्या हातातून ओढून घेतली आणि उन्हात धरली. तिला त्यातलं शास्त्र येत नाही, पण कडं बघायला शास्त्र लागत नाही. "रेणुका," ती म्हणाली, "ह्ये तर बांगडीएवढं हाय गं." आणि ती ताटली गुंडूमामाच्या हातात दिली. त्यानं मोतीबिंदूच्या डोळ्यांनी काही न दिसता ती कितीतरी वेळ बघितली.

समितीच्या त्या सभ्य गृहस्थांनी पडद्यावर आकडे वाचले आणि चष्मा काढला. बोळा यादीत राहिला. राज्यभर आळीपाळीनं एकेका जिल्ह्यात वर्षाचा विसावा द्यायचं ठरलं, आणि चहा-साबणातून बोळा कायमचा हद्दपार झाला. मसुद्यात त्यांनी विसाव्याला भलंमोठं नाव दिलं होतं. मी ते खोडून पाळणूक लिहायला लावलं.

तो हुकूम आला त्या दिवशी गाव पुन्हा देवळात जमलं, आणि मोनाप्पानं वाफेचं यंत्र पुसून आणलं होतं. नव्या कुपीतला बोळा त्यात भरलेला होता. मी नळीला हात घातला तर गुंडूमामा हात वर करून म्हणाला, "थांब. मागणारा पयला पाळतो, आन् सोडतो समद्यात शेवटी. गावातल्या कुणी सोडली काय आधी?"

शिवानं नाही म्हणून मान हलवली. बायकांनी हलवली. आता चहा-साबण कुणी वापरणारच नव्हतं. गावानं पाळणूक सोडलीच नव्हती. म्हणजे रीतीनं मलाही ती सोडता येत नव्हती. मोनाप्पाचा चेहरा पांढरा पडला.

"मग आम्ही कशाला सोडू?" मालनअक्का उठली. "आम्ही काय आजारी हाय? ज्याला गरज त्यानं घ्यायचा, तेबी पुरता डोस. आम्ही धरून ठेवतो म्हणून तर तिला घेता येणार हाय. मामा, आता रीतच बदलली समजा." मग माझ्याकडं वळून नेहमीसारखी खेकसली, "वढ की गं! का मुहूर्त काढायचा?"

गुंडूमामा हसला आणि त्यानं हात खाली केला. मी नळी तोंडाला लावली. कडू वाफ घशातून खाली उतरली, उरलेल्या दीड फुप्फुसात गेली, आणि मला जोराची ढास लागली. ती ओसरली तेव्हा मी छातीवर थाप मारली आणि आतल्या भाडेकरूला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चालव आता तुझा पंप. बघतो मी."